बोल्टवरची पांढरी रेघ

सकाळ, ११:०५

खरं की खोटं ते तुम्हीच ठरवा, असं मी म्हणणार नाही. खरं आहे. पटवत बसायला मला वेळ नाही.

रात्र नाही. वीज गेलेली नाही. रविवार आहे, लख्ख ऊन पडलंय, शेजारच्या गच्चीत कुणीतरी गालिचा आपटतंय. मी पहिल्या मजल्यावरच्या खिडकीत बसून हे फोनवर लिहितोय. खाली आमचं गॅरेज आहे. शटर वर आहे.

आत गाडी नाही.

गाडी घेऊन माझी बायको आणि मुलगी बाहेर गेल्या आहेत. अकराला पाच कमी असताना निघाल्या. मुलगी चालवतेय. "तासाभरात येतो," म्हणाल्या.

त्या येईपर्यंत मी लिहिणार. गाडी आली की थांबणार.

मुलगी म्हणजे… बायकोची मुलगी. एकोणीस वर्षांची. मला काका म्हणते.

तिचे बाबा सात वर्षांपूर्वी गेले. कामाच्या ठिकाणी, जिना चढताना, छातीत कळ येऊन.

गाडी त्यांची.

११:१०

गाडीच्या कागदांवर तो पहिला मालक आणि मी दुसरा. घरातही तसंच. म्हणून मनातल्या मनात मी त्याला 'पहिला' म्हणतो.

गाडी एकवीस वर्षांची आहे. छोटी, गडद निळी. दिसायला सामान आणायला न्यावी अशी. पण बॉनेटखाली टर्बो आहे. सरळ रस्त्यावर पाय दाबलात तर आधी क्षणभर काहीच होत नाही, आणि मग कुणीतरी मागून गचांडी धरून पुढे ढकलावं तशी सुटते. आता म्हातारी झालीय. टपावरचा रंग उन्हाने सोललाय. तिसरा गिअर घाईने टाकला की करकरतो. पंधराशे किलोमीटरला लिटरभर तेल पिते. मागच्या डाव्या चाकावरच्या पत्र्याला गंज धरलाय.

अशी गाडी कुणी कामाला ठेवत नाही. आठवडाभर तिच्याखाली आडवं पडायचं, रविवारी तासभर पळवायची, आणि त्या तासाभरात जे मोडेल त्यासाठी पुन्हा आडवं पडायचं.

मी चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतो. अर्धा मिलिमीटर चुकलो तर गिऱ्हाईकाचं डोकं दुखतं. म्हणून वाटलं, हे आपल्याला जमेल.

आमचं लग्न दोन वर्षांपूर्वी झालं. तेव्हा गाडी पाच वर्षं कापडाखाली झाकून उभी होती. तिला हात लाव असं मला कुणी सांगितलं नव्हतं. मीच कापड काढलं.

का?

मुलगी माझ्याशी तीनच वाक्यं बोलायची. हो काका. नाही काका. जेवले काका. मला चौथं वाक्य हवं होतं.

चौदा महिने लागले. क्लच, ब्रेक, पेट्रोलची टाकी, टर्बोच्या नळ्या. माझ्या बोटांना रॉकेलचा वास सुटायचा, दुकानात गिऱ्हाईकं नाक वळवायची. आणि एका रविवारी इंजिन सुरू झालं. आवाज ऐकून मुलगी अनवाणी खाली धावत आली. बॉनेटवर हात ठेवून उभी राहिली. डोळे भरून आले होते तिचे.

मी वाट बघत होतो.

"आई!" ती जिन्याकडे तोंड करून ओरडली. "बाबांची गाडी सुरू झाली!"

बाबांची.

११:१९

गाडी आलेली नाही. अजून वेळ आहे.

आता रेघांबद्दल सांगतो, कारण सगळं त्यावरच आहे.

बोल्ट नीट आवळला की काही लोक त्यावर पेंटच्या पेनने एक रेघ ओढतात. बोल्टच्या डोक्यापासून सुरू करून खालच्या लोखंडापर्यंत. बोल्ट जरा जरी फिरला तर रेघ तुटते. अर्धी इकडे, अर्धी तिकडे. टॉर्च मारला की लगेच कळतं, काय घट्ट आहे आणि काय ढिलं झालंय.

ती रेघ म्हणजे शब्द असतो. हा मी आवळला, माझ्या हाताने.

पहिल्याने गाडीभर पांढऱ्या रेघा ओढल्या होत्या. मी मोजल्या. एकशे त्रेचाळीस. चाकांमागे, इंजिनवर, सीटखाली. तो उंच होता, लांब हातांचा; जिथे माझा हात जेमतेम पोचायचा तिथेही. एकही रेघ वाकडी नाही.

गल्लीच्या टोकाला एक मिस्त्री आहे. पहिल्याचा जुना दोस्त. गाडी सुरू झाल्याचं कळल्यावर तो बघायला आला. बॉनेटमध्ये टॉर्च मारला आणि मान हलवत राहिला.

"काय हात होता राव!"

"क्लच मी बदललाय," मी म्हणालो. "टर्बोच्या नळ्यापण."

"बदलल्यात ना. पण त्याने नीट बसवलेलं होतं, म्हणून तर तुमच्याकडून नीट सुटलं."

बायको हसली. मुलगी हसली. मीही हसलो.

"काही अडलं तर माझ्याकडे आणा, लाजू नका," मिस्त्री म्हणाला. "तोही आणायचा. म्हणजे… चहा प्यायला."

पुढच्या रविवारी दोघी बाहेर गेल्या होत्या. मी थिनरची बाटली घेतली, कापसाचे बोळे घेतले, आणि सगळ्या पांढऱ्या रेघा पुसून टाकल्या. सकाळपासून चार वाजेपर्यंत. त्याचा पांढरा पेन हत्यारांच्या पेटीत होता, तोही रस्त्यावरच्या कचऱ्याच्या डब्यात फेकला.

मग माझा पिवळा पेन घेऊन एकशे त्रेचाळीस रेघा ओढल्या.

त्यातल्या साठेक बोल्टांना मी पाना लावला होता. बाकीच्यांना हातही लावला नव्हता. पाना न फिरवताच रेघ ओढली. दुसऱ्याच्या मुलाच्या प्रगतिपुस्तकावर पालक म्हणून आपली सही ठोकावी, तसं.

हे काम करणारा कुठलाही माणूस तुम्हाला सांगेल, असं कुणी करत नाही. आळशीसुद्धा करत नाही.

मी केलं.

११:२८

पहिली खूण आली ती आठ दिवसांनी. दुपारी. मी आणि मुलगी जेवत होतो. बायको प्रयोगशाळेत, ती रक्त तपासते, तिची रविवारची पाळी होती.

खालून आवाज आला.

कर्र… कर्र… कर्र…

टक्.

तो आवाज मी झोपेतही ओळखेन. टॉर्क पाना. बोल्ट हवा तेवढा आवळला गेला की तो एकदाच टक् करतो, आणि मग हात थांबवायचा असतो.

मुलीचा घास हातातच राहिला. मी तिच्याकडे बघितलं.

"काय गं?"

"कुठे काय? काही नाही." आणि ती पुन्हा जेवायला लागली.

मी खाली गेलो. शटर बंद. कुलूप बंद. उघडून आत गेलो. पाना त्याच्या डब्यात होता, डब्याची कडी लावलेली होती.

पाना हाताला… कोमट लागला.

गाडीखाली टॉर्च मारला. उजव्या पुढच्या चाकामागे, जिथे मी पिवळी रेघ ओढली होती, तिथे पिवळं काहीच नव्हतं. पांढरी रेघ होती.

बारीक. वाळलेली. जणू कित्येक वर्षांची.

आणि तुटलेली. अर्धी बोल्टवर, अर्धी लोखंडावर, मध्ये पाव फेऱ्याचं अंतर.

मी बोल्टला हात लावला. तो बोटांनी फिरला.

म्हणजे कुणीतरी तो नीट आवळला होता. त्यावर रेघ ओढली होती. आणि मग ढिला केला होता. ढिला करताना टक् होत नाही. काहीच आवाज होत नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन मी दुकानात जाणार होतो.

एकटा.

११:३६

त्यानंतर मी एका वहीत लिहून ठेवायला लागलो. जसं आहे तसं उतरवतो.

रविवार. मुलगी आणि मिस्त्री. ती चालवणार. सकाळी पाच पांढऱ्या रेघा. सगळ्या सरळ. पाना लावून बघितला, एकही हलत नाही.

बुधवार. मी एकटा. एक रेघ. तुटकी. पुढचं डावं चाक.

शुक्रवार. कुणीच नाही. रेघ नाही.

रविवार. मुलगी आणि मैत्रीण. सात रेघा. सरळ.

मंगळवार. मी एकटा. दोन रेघा. तुटक्या. ब्रेक.

रविवार. मुलगी चालवणार. मी शेजारी.

वही इथे संपते. पुढचं आठवेल तसं सांगतो.

त्या दिवशी तिने स्वतःहून विचारलं होतं. "काका, आज तुम्ही येता का? घाटासारखा तो वळणांचा रस्ता आहे ना, तिकडे जाऊ." मला रात्रभर झोप नव्हती आली, आनंदाने. सकाळी सहाला उठून मी चाकं बघितली, ब्रेक बघितले, इंजिन बघितलं. नऊ पांढऱ्या रेघा. नऊच्या नऊ सरळ. मला वाटलं, संपलं एकदाचं. त्याने मला मान्य केलं.

गाडी काय सुंदर चालवते ती! तिसरा गिअर तिच्या हातून एकदाही करकरला नाही.

"क्लच हळू सोडू ना काका?"

"तुला मी काय सांगणार? तूच मला शिकव."

ती हसली. खरंच हसली, माझ्याकडे बघून. चाळीस किलोमीटर गेलो. तिने मला कॉलेजातल्या एका मुलाबद्दल सांगितलं, जे तिच्या आईलाही माहीत नव्हतं. चौथं वाक्य, पाचवं, पन्नासावं. येताना एका वळणावर माझी सीट जराशी हलली. खट् झालं.

"जुनी झालीय गाडी," मी म्हणालो.

घरी आल्यावर ती वर गेली. मी वाकून माझ्या सीटखाली बघितलं.

सीट चार बोल्टांवर बसते. चारही बोल्टांवर पांढऱ्या रेघा. चारही तुटक्या. तीन बोल्ट दोन-दोन आट्यांवर कसेबसे लटकत होते.

चौथा निघून पायाखालच्या गालिच्यावर पडला होता.

मी पलीकडे जाऊन तिच्या सीटखाली बघितलं. चार रेघा. सरळ. आखल्यासारख्या.

११:४७

तुम्ही विचाराल, घरी सांगितलं का नाही?

काय सांगू? की तुमचा माणूस खाली गॅरेजमध्ये आहे?

त्या किंचाळल्या नसत्या हो. हेच तर आहे. मुलगी अनवाणी खाली धावली असती. आणि बायकोने आधी आरशासमोर उभं राहून केस नीट केले असते.

मी रोज पाना फिरवत राहिलो. तो ढिला करायचा, मी आवळायचो. आणि खरं सांगतो, भीती जरा ओसरली की मला त्याचा रागही यायचा नाही. हेवा वाटायचा. मेलेल्या माणसाची रेघ माझ्यापेक्षा सरळ यायची.

११:५२

आता पाच मिनिटांत यायला हव्यात.

तीन आठवड्यांपूर्वीची गोष्ट. मी बॉनेट उघडून उभा होतो. बायको चहा घेऊन खाली आली. ती गॅरेजमध्ये कधीच यायची नाही. मला वाटलं माझ्यासाठी आली.

तिने कप माझ्या हातात दिला आणि सहज आत वाकून बघितलं.

मग तशीच वाकून राहिली.

"ही रेघ… कुणी काढली?"

आवाज किती हळू होता! दोन वर्षांत माझ्याशी ती त्या आवाजात बोललेली नाही. मी तिचा चेहरा बघितला. लग्नाच्या फोटोत असतो तसा. आमच्या नव्हे, त्यांच्या.

मी एक क्षणही थांबलो नाही.

"मीच काढली. पिवळा पेन संपला, म्हणून पांढरा आणला."

तिने त्या रेघेवरून बोट फिरवलं. एकदा. दोनदा.

"अगदी त्याच्यासारखी जमलीय तुला," ती म्हणाली.

माझ्या तोंडून आजवर निघालेलं सगळ्यात स्वस्त खोटं. त्याची रेघ मी माझ्या नावावर केली. त्याच्या बायकोसमोर. त्याच्या गाडीपुढे उभं राहून.

त्या दिवसापासून…

एकही पांढरी रेघ नाही.

टक् नाही. कर्र नाही. पाना हाताला गार लागतो. एक बोल्ट ढिला होत नाही. मी एकटा गेलो तरी नाही. तुम्हाला वाटेल, मग सुटलात की. तावातावाने भांडणारा माणूस एकदम गप्प झाला, तर तुम्ही निवांत झोपता का?

आणि बायको आता गॅरेजमध्ये जाते. मी दुकानात असतो तेव्हा. परवा घरी आलो तर सिंकमध्ये चहाचे दोन कप. मुलगी सकाळपासून कॉलेजात.

"मिस्त्री आला होता का?"

"नाही. का रे?"

"दोन कप दिसले."

"मीच प्याले दोनदा," ती म्हणाली, आणि दोन्ही कप विसळून ठेवले.

माझ्याकडे न बघता.

१२:०३

तास होऊन गेला. फोन केला. वाजतोय. उचलत नाहीत. गाडी चालवताना उचलू नये असं मीच सांगितलंय.

बोल्टांची काळजी नाही. आज पहाटे उठून मी एकशे त्रेचाळीसही बोल्ट पाना लावून बघितले. प्रत्येकाला टक् झालं. त्या दोघींना तो काही होऊ देणार नाही, हे मला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे.

मला काळजी दुसरीच आहे. ती कशी लिहायची ते कळत नाही.

सकाळी निघताना मी किल्ली घेऊन उभा होतो. मुलीने ती माझ्या हातातून घेतली. बायको म्हणाली, "आज मी बसते पुढे."

सात वर्षांत ती त्या गाडीत बसलेली नाही. मी कितीदा विनवलं असेल.

"अरे वा! बस ना. मग मी मागे बसतो."

"नको काका," मुलगी पटकन म्हणाली. फारच पटकन. "मागे पाय नाही मावणार तुमचे."

"माझे? मी काय ताडमाड आहे का?"

"तू घरीच थांब ना," बायको म्हणाली. "रोज त्या गाडीखाली असतोस. आज आराम कर."

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मग शटरबाहेर पडून गाडी वळली, आणि मी बघत होतो, तर मुलीने आरसा खाली वाकवला. मागच्या काचेतलं दिसण्यासाठी नाही.

मागच्या सीटवरचं दिसण्यासाठी.

१२:१४

आवाज येतोय. तीच गाडी. टर्बोचा फुस्स आवाज कोपऱ्यावरूनच ओळखू येतो.

आल्या.

गाडी शटरबाहेरच थांबली. दोघी नीट आहेत. मुलगी उतरली. गाल लाल झालेत तिचे, हसतेय. बायको या बाजूने उतरली. तीही हसतेय. किती सुंदर दिसतेय.

मी हाक मारणार होतो.

या गाडीला दोनच दारं आहेत. मागे बसलेल्याला उतरायचं असेल तर पुढची सीट पुढे पाडावी लागते. मागे कुणी नसेल तर ती पाडायचं काही कारण नाही.

बायकोने वाकून खटका ओढला. सीट पुढे पाडली.

आणि दार धरून बाजूला उभी राहिली.

मुलगी पलीकडे थांबलीय. टपावरून इकडे बघतेय. काहीतरी बोलली, मला ऐकू आलं नाही. बायकोने मान डोलावली.

उंच माणसाला छोट्या गाडीच्या मागच्या सीटवरून पाय दुमडून बाहेर यायला जेवढा वेळ लागतो… तेवढा वेळ ती उभी होती.

मग तिने सीट सरळ केली. दार लावलं. अगदी हळू.

आता वर बघितलं तिने. मी खिडकीत दिसलो. हात हलवला.

मीही हलवला. मुलीने गाडी आत घेतली, बायको मागोमाग आत गेली.

शटर खाली येतंय. आतून.

जिन्यावर पावलं नाहीत. दोघी अजून वर आलेल्या नाहीत.